साखऱ्याची बस

२००४ साली हिंगोलीच्या बसस्टँडवर मी बसलो होतो. मागच्या बाकावर दोन भाऊ डॉक्टरांकडून आलेले. थोरल्याच्या हातात गोळ्यांची पिशवी होती.

"शिवहार, काय नाव म्हणले रे डाक्टर बिमारीचं?"

"बायपोलर. कधी डोकं लई जोरात पळतं, कधी खाटंवरून उठूबी देत न्हाई."

"म्हंजे भर दुपारी वाडा उघडून मी समदी मेंढरं सोडून दिली, ते बिमारीनं?"

"व्हय दादा. अन् मंग चार महिने पडून राहिला, तेबी."

"पंधरा साल झाले, गाव म्हणते, नामाजी माजला. मलाबी तसंच वाटलं."

"मी तर तुला दाव्यानं बांधलं व्हतं, दादा."

"तुला तरी काय मालूम व्हतं! गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"बरं वाटलं तरी बंद करायच्या न्हाईत. जलमभर घ्या लागतील म्हणले."

"घेईन. सिंधूला सांगशील का?"

"वहिनीला? दोन साल झाले तिला माहेरी औंढ्याला जाऊन."

"जाताना खाटंपाशी बसून इचारत व्हती, माहं काय चुकलं म्हणून. माह्या तोंडातून शब्द निघंना. तिचं काहीच चुकलं न्हाई, एवढं सांग."

"ते माह्या तोंडून ऐकून तिला काय वाटंल, दादा?"

तेवढ्यात साखऱ्याची बस लागली.

"दादा, ऊठ. आपली गाडी."

"जाऊ दे तिला. औंढ्याची बघ. दारापाशी तू मागं उभा राह्य. बोलंन मीच."