सशिणीचा कोपरा

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. आपल्या गाडीवर बसलेल्या अनसूयाबाईने परक्यांचं बोलणं नको म्हणून पदर कानावर ओढला, तरी पुढच्या गाडीवरचा सूर्यभान शेजारच्या बुवांना सांगत होता ते ऐकू येतच होतं.

"पाळलेली सशीण एकाएकी बदलली, बुवा. हात लावला की चावे. छातीचे केस उपटून कोपऱ्यात नेई, वरून माह्याच ढिगातला कापूस. चांदीच्या भावाचा!"

"नर होता?"

"एकटीच होती."

"तरी होते तसं. पोटात पिलं हायेत, असं वाटते तिले. मंग आपोआप निवते."

"मी पिसाळली म्हनून रानात सोडली. कोल्ह्यानं नेली असन."

"घरात कोनालेच समजलं नाही?"

"बायको म्हने, पिलांची गादी करून राहिली, राहू द्या. आमचं लेकरू गेल्यापासून तिले जिकडंतिकडं तेच दिसते, म्हनून मी ऐकलं नाही."

"आता काय म्हनते?"

"तो कोपरा कोनाले झाडू देत नाही."