प्लासिडची वाकडी हद्द

…आणि वर हितेश म्हणतो काय, लाकूड तर स्वस्तच आहे! अहो, लाकूड स्वस्त, मग महाग काय, हवा? तुम्हाला सांगतो, तेव्हा आमच्या प्लासिडचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पापडीचा साधा माणूस, विम्याच्या ऑफिसात नोकरी, रविवारी हौस म्हणून लाकडी खेळणी करतो. यंदा काय काढलं, तर सासुरवाडीचं जिगसॉ, तुकडे जुळवायचं कोडं! बायकोचं, म्हणजे प्रिन्सीचं माहेर वटारला. तिथल्या आळीचा नकाशा, एकेकाची वाडी म्हणजे एकेक तुकडा, त्यात नारळ, केळी, विहीर, सगळं कोरलेलं. चर्चच्या फनफेअरला स्टॉल घेतलेला, सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलेलं, आणि वसई पूर्वेच्या गाळ्यातला हा लेझर मशीनवाला हितेश भाव असा सांगतो, की माणूस म्हणेल, थांब जरा, त्यापेक्षा खरी वाडीच विकत घेतो!

"प्लासिडभाई, मशीन लाकूड नाय मोजत, वेळ मोजते. रेघ कमी करा, रेघ!"

झालं. घरी येऊन कॉम्प्युटरवर बसला. आधी नारळ गेले, मग केळी, मग विहिरी बुजवल्या… कोरायला म्हणे कापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो! परत हितेशकडे. हितेश चष्मा कपाळावर चढवून, "हां, भाव थोडा उतरला. पण या हद्दी एवढ्या वाकड्या कशाला?" कशाला म्हणजे? अरे, पणजोबांनी झाडं बघून हद्द घातली, तुझी मशीन बघून घातली काय? पण बोलतो कोण! "रेघ कमी करा, रेघ!" केल्या सरळ. परत गेला, तर, "अहो, शेजारच्या वाड्यांची हद्द तुम्ही दोनदा काढलीय, एकदा याची, एकदा त्याची. मशीन एकाच जागी दोनदा फिरते. एक पुसा." हे मात्र पटलं हो! खूश होऊन घरी आला, पुसत सुटला… आणि पुसता पुसता एका ठिकाणी दोन्ही पुसल्या.

कुठे? सांगा ना कुठे! नेमक्या सासऱ्यांच्या, एडवर्डपप्पांच्या वाडीत आणि शेजारच्या रिचर्डअंकलच्या वाडीत! ज्यांचं त्याच हद्दीवरून वर्षानुवर्षं बोलणं नाही, चर्चमध्ये मिस्सालासुद्धा एक डावीकडे, एक उजवीकडे!

आणि हितेशने कापून दिलेला नवा नमुना प्रिन्सीने कौतुकाने माहेरी दाखवायला नेला.

संध्याकाळी पप्पा दारात, हातात तो तुकडा. "जावई, मला त्याच्याबरोबर एका तुकड्यात घातलं?" "पप्पा, ते रेघ कमी…" तेवढ्यात स्कूटरवरून रिचर्डअंकल. "मी काय याचा भाडेकरू आहे का रे?" तुम्हाला सांगतो, दोघं एकाच सोफ्यावर, एकमेकांकडे न बघता, ओरडतायत कोणावर? प्लासिडवर! शेवटी प्रिन्सी म्हणाली, "ओरडा, पण आधी चहा घ्या." चहा घेता घेता पप्पांनी पेन्सिल काढली, तुकड्यावर रेघ मारली, "ही हद्द." अंकलनी पेन्सिल ओढून घेतली, "ती नाय, ही." दोन रेघा, मध्ये करंगळीएवढी पट्टी! प्लासिड खोडरबर घेऊन उभा, आता कुठली पुसू…

"इथे आंबा होता," पप्पा पट्टीकडे बघत म्हणाले.

"होता. तुझ्या बापाने लावलेला."

"आणि लोणचं तुझी आई घालायची. आम्हाला बरणी यायची."

अंकलनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "अजून घालतो की. येऊन घेऊन जा."

प्रिन्सीने पदराने डोळे टिपले, आणि प्लासिडने खोडरबर गुपचूप खिशात टाकला. आता पुसेल कोण?

दुसऱ्या दिवशी हितेश कपाळावर हात मारून, "अहो, ही पट्टी कशाला वाढवली? रेघ…" "कापा!" प्लासिड जन्मात पहिल्यांदा ओरडला. "आहे तशी कापा!"

फनफेअरला सगळे जिगसॉ खपले. नफ्याचं… नफ्याचं राहू द्या. पण ती पट्टी एवढी बारीक, की पोरं पहिली तीच हरवतात. रोज कोणाचा तरी फोन, "प्लासिड, पट्टी देतो का?" हितेश म्हणतो, पट्टी एवढीशी असली तरी मशीन चालू केल्याचा चार्ज पूर्ण! मग शोधता शोधता प्लासिडला शोध लागला, कुल्फीची काडी दोन्ही टोकांना छाटली की तिथे बरोब्बर बसते. तेव्हापासून रोज जेवणानंतर एक कुल्फी. आवडत नाही हो त्याला! पण पट्टी फुकट पडते…

साखर तेवढी वाढलीय.