पणजोबांची एकच मॅच

सौदीत हफ्रच्या कॅम्पवर मी टाइमकीपर होतो, तेव्हाची गोष्ट. आमचा अमेरिकन साहेब शुक्रवारी बेसबॉल खेळवायचा. गुहागरचा वेल्डर सखाराम क्रिकेटमधला आमचा फास्ट बॉलर. त्याला मुलीच्या लग्नाला गावी जायचं होतं आणि कफील, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही तो तिथला मालक, सुट्टीवर सही करत नव्हता. साहेब म्हणाला, "मॅच जिंकून दे, कफीलशी मी बोलतो."

सखारामने धावत येऊन पहिलाच बॉल टप्पा पाडून टाकला. मी ओरडलो, "अरे, यात टप्पा चालत नाही!"

"टप्प्याशिवाय बॉल कसला, भाऊ? हाताला सवयच नाही."

पुढचेही तसेच पडले. साहेबाने त्याला बाहेर बसवलं, आम्ही हरलो, आणि कफीलचं नाव साहेबाने पुन्हा काढलं नाही.

सांत्वनाला मात्र आला. म्हणाला, एकोणिसाव्या शतकात त्याचे पणजोबाही एका मोठ्या क्लबाकडून बॉल टाकायला उतरले होते. पहिलीच मॅच हरले, आणि क्लबाने त्यांना त्याच संध्याकाळी आगगाडीत बसवून घरी पाठवलं. संपलं करिअर.

मी हे सखारामला मराठीत सांगितलं. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"हरल्यावर घरी पाठवतात?" तो म्हणाला. "नशीबवान माणूस."