जागृती संघाच्या नऊ तारखा

...आणि पहिलाच सामना कधी, तर जमाईषष्ठीला! आता तुम्हीच सांगा, वेळापत्रक करणाऱ्या माणसाला सासू नाही का? अहो, ज्या दिवशी अख्ख्या कोलकात्यातले जावई सासूच्या घरी पोटाला तडस लागेस्तोवर जेवतात, त्या दिवशी दुपारी तीन वाजता आमच्या शीलबागान जागृती संघानं मैदानात उतरून फुटबॉल खेळायचा! आमचा गोलकीपर हाबूल जावई, दोन्ही बॅक जावई, मधल्या फळीतले दोघे तर एकाच घरचे जावई, सख्खे साडू, म्हणजे एकाच सासूच्या हातचं जेवून येणार! आधी लुची, मग हिलसा, मग मटण, मग आंबे, मग मिष्टी दोई, मग संदेश, आणि 'पुरे आता' म्हणायची सोय नाही, म्हटलं की सासू रुसणार आणि बायको वर्षभर ऐकवणार. हे पाच जण त्या दुपारी धावणार? अहो, ते वाकून बुटाच्या नाड्या बांधू शकले तरी मी कालीमातेला जास्वंदीचा हार वाहीन. तुम्हाला सांगतो, लक्षण काही बरं नाही.

मी पांचूगोपाल सांपुई. टपालखात्यात चिठ्ठ्या वेगळ्या करण्यात जन्म गेला, आता निवृत्त आहे, आणि एकेचाळीस वर्षं जागृतीच्या सामन्यांना जातोय. सुरू केलं तेव्हा जागृती दुसऱ्या वर्गात होती. मग तिसऱ्यात आली, मग चौथ्यात, मग पाचव्यात... एखादा म्हातारा कसा कठडा धरून जिना उतरतो, तसं चाललंय. पाचव्याच्या खाली आता पायरीच नाही. यंदा शेवटचे आलो की साखळीतून नाव कटणार, मैदानातला क्लबाचा तंबू जाणार, आणि ऐंशी वर्षांचा क्लब पाटी उतरवून गल्लीत कॅरम खेळत बसणार. म्हणजे या नऊ तारखांवर सगळं आहे. नऊ! आणि त्या तारखा कशा आहेत ते तुम्ही बघाच.

चहावाल्याच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं त्याच दिवशी मी ते उतरवून घरी आणलं, गुलाबी पुठ्ठ्याचं पंचांग मांडीवर घेतलं, आणि एकेक तारीख लावून बघायला लागलो. दुसरा सामना, शनिवार आणि वर अमावस्या. तिसरा, त्र्यहस्पर्श, एका दिवसात तीन तिथ्या, अशा दिवशी आमच्याकडे कुणी न्हाव्याकडेही जात नाही आणि हे कॉर्नर किक मारायला जाणार! चौथा, मघा नक्षत्र, प्रवास वर्ज्य. पाचव्याला पंचांगात काहीच वाईट सापडेना, तेव्हा मला घामच फुटला... म्हटलं, हे काय, इतका चांगला दिवस? मग बघितलं तर सामना गंगेकडच्या त्या ग्राउंडवर, जिथे मागच्या वर्षी आमच्या उजव्या बॅकचा बूट चिखलात गेला तो अजून वर आलेला नाही. आणि शेवटचा, नववा? नववा विश्वकर्मा पूजेला! आमची पोरं सगळी लेथवर काम करणारी, गॅरेजमध्ये काम करणारी. त्या दिवशी त्यांचा देव यंत्रात बसतो, सकाळी पूजा, दुपारी मटण, मटणासोबत जे असतं ते असतंच, आणि वर आभाळभर पतंग! आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू सोडून कटलेल्या पतंगामागे धावतो हो, मी या डोळ्यांनी पाहिलंय, पेनल्टी बॉक्समधून सरळ धावत गेला, रेफरीसुद्धा थांबून बघत होता. आणि हा सामना कुणाशी? कुमीरपाडा वीर समितीशी! जे आमच्याइतकेच खाली आहेत, ज्यांच्याशी हरलो की संपलं. मी ती तारीख तीनदा मोठ्यानं वाचली हो. मलिना, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, तब्येतीचं बघा, सामने ते हरणारच आहेत." बायको आहे का वैरीण?

पण तारखा हे नुसतं निमित्त. खरी अवदसा शिरली ती बारपूजेला. पहिल्या वैशाखाला, नववर्षाला, आमच्या मैदानात प्रत्येक क्लब गोलच्या आडव्या बारची पूजा करतो, भटजी येतो, बारला शेंदूर, झेंडूची माळ, मग चार माणसं तो उचलून खांबांवर चढवतात आणि हंगाम सुरू. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, पांचूदा, यंदा तुम्ही धरा एका टोकाला. माझा ऊर भरून आला! म्हटलं, आपला बार कसा झळाळला पाहिजे, शेजारच्या मोठ्या क्लबांचे बघा कसे आरशासारखे! म्हणून मी काय केलं, पहाटे सगळ्यांच्या आधी गेलो, आणि घरून नेलेलं पावशेर मोहरीचं तेल त्या बारला या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रेमानं चोळलं. चोळताना मंत्रसुद्धा म्हटले हो! आणि मग... भटजीनं शंख फुंकला, आम्ही चौघांनी बार उचलला, खांद्याच्या वर नेला, आणि तो जो सुळकन सुटला! पडला कुठे? एवढ्या मोठ्या मैदानात पडायला जागा काय कमी होती? हाबूलच्या पायावर. अंगठ्यावर. गोलकीपरच्या, तुम्हाला सांगतो, अंगठ्यावर! भटजी 'नारायण नारायण' म्हणाला आणि दक्षिणा न घेता गेला. भटजी दक्षिणा न घेता जातो तेव्हा काय समजायचं? लक्षण काही बरं नाही.

त्यानंतर क्लबात माझ्याकडे बघायची तऱ्हाच बदलली. मी गेलो की बोलणं थांबायचं. मी बाकावर बसलो की शेजारचा उठून चूळ भरायला जायचा आणि परत यायचाच नाही. तरी मी म्हटलं, उन्हाळा आहे, चूळ भरत असेल.

आणि वेळापत्रक लागलं त्याच्या तिसऱ्या दिवशी बटुक घरी आला. बटुक खाँडा, आमचा सेक्रेटरी. या माणसानं वीस वर्षांत कुणाला अर्धा कप चहा पाजलेला नाही, आणि हातात संदेशचा डबा! नोलेन गुळाचा, म्हणजे हिवाळ्यातल्या खजुरी गुळाचा, आणि तोही जून महिन्यात! माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. बसला, आमच्या हिला वहिनी मानून 'बौदी, तुमच्या हातचा चहा', 'बौदी, तुमचे गुडघे कसे आहेत', असं सगळं झालं, आणि मग गळा साफ करून म्हणाला, "पांचूदा, गैरसमज करून घेऊ नका. कमिटीत असं बोलणं निघालं की तुम्ही जरा... अपया आहात." अपया! पांढऱ्या पायाचा! मी, ज्यानं या क्लबसाठी एकेचाळीस पावसाळे गुडघाभर चिखलात काढले, तो अपया! मी तोंड उघडणार तेवढ्यात भिंतीवरून पाल चुकचुकली, खरीखुरी पाल हो, आणि आमच्या हिनं सवयीनं टेबलावर तीनदा बोट आपटलं आणि म्हणाली, "खरं, खरं, खरं." पाल बोलली की आमच्याकडे बायका असं करतात, मान्य, पण वेळ बघायची की नाही?

मी म्हटलं, पुरावा दे. तर बटुक म्हणाला, तुमचीच वही काढा. आता ती वही... एकेचाळीस वर्षांची प्रत्येक सामन्याची नोंद आहे माझ्याकडे, तारीख, गोल, पाऊस होता का, कोण रडलं, सगळं. काढली. बटुकनं चष्मा लावला. एकेचाळीस वर्षांत मी न गेलेले सामने किती? तीन. एक, माझ्या लग्नाच्या दिवशीचा. जागृती तीन-शून्यनं जिंकली. दुसरा, सासरे गेले तेव्हा मी स्मशानात होतो. दोन-एक. तिसरा, मला कांजिण्या झाल्या होत्या. चार-शून्य! त्यातला एक गोल तर समोरच्या गोलकीपरनं चेंडू आपल्याच जाळ्यात फेकून केला, म्हणजे बघा. आणि मी हजर असताना जिंकलेले? मोजून अकरा, त्यातले चार समोरचा संघ आलाच नाही म्हणून. वही माझी, अक्षर माझं, आणि मीच आरोपी. चिठ्ठ्या वेगळ्या करणारा माणूस मी, चिठ्ठीवर पत्ता माझाच आहे हे मला कळत नाही का?

मग बटुकनं खिशातून दुसरा कागद काढला. ते दुसरं वेळापत्रक! तेच सामने, त्याच तारखा, पण पुढे समोरच्या संघाचं नाव नाही, पुढे मी. जमाईषष्ठी, 'पांचूदा: आसनसोलचा जावई जेवायला.' अमावस्येचा शनिवार, 'पांचूदा: बर्धमानला भाचीकडे.' त्र्यहस्पर्श, 'पांचूदा: डोळे तपासणे.' पुढे कुठे तारकेश्वरची यात्रा, कुठे आमच्या हिच्या मावशीचं वर्षश्राद्ध... आणि पाचव्या सामन्यापुढे नुसतं 'ताप'. मी म्हटलं, मला ताप येणार हे तुला दोन महिने आधी कसं कळलं? तर म्हणतो, "बौदी म्हणाल्या, आषाढात तुम्हाला येतोच." म्हणजे ही फितूर! घरातलं माणूस! मी तिच्याकडे बघितलं तर ती संदेश खात होती.

खोटं कशाला सांगू, मला ते फार लागलं. क्लबानं एकेचाळीस वर्षांत माझं येणं मोजलं, रडणं कुणी मोजलं नाही. हरल्यावर कोण पोरांच्या पाठीवर हात फिरवायचं? हाबूलला लिंबू कोण चिरून द्यायचं? पण तंबू जाणार म्हटल्यावर माणूस काय करेल... मी म्हटलं, बटुक, ठीक आहे. आठ तारखा मान्य. पण नवव्या तारखेपुढे तू काहीच लिहिलं नाहीस. कुमीरपाड्याच्या सामन्याला मी येऊ ना? शेवटचा आहे रे. कदाचित शेवटचाच.

बटुक हसला. अगदी मोकळं हसला. म्हणाला, "यायचंच आहे, पांचूदा! तुमच्याशिवाय तो सामना होणारच नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. आणि मग त्यानं पिशवीतून एक गमछा काढला. काळा-पिवळा. कुमीरपाड्याचा! म्हणाला, "फक्त तुम्ही त्यांच्या बाजूला बसायचं."

आता मी काही कच्चा नाही. मी म्हटलं, बटुक, विचार कर, नजर लागते ती कुठून? डोळ्यांतून का मनातून? मी बसलो त्यांच्यात आणि मन राहिलं जागृतीत, तर बुडणार कोण? बटुकचा चेहरा पडला. बराच वेळ चहा ढवळत बसला, त्यात साखर नव्हती तरी. मग गंभीरपणे म्हणाला, "मग पांचूदा, विश्वकर्मा पूजेपर्यंत कुमीरपाडा तुम्हाला मनापासून आवडायला हवा. अजून साडेतीन महिने आहेत."

झालं! या वयात नवं प्रेम करायला पाठवलं मला! गेलो मंगळवारी सकाळी त्यांच्या सरावाला. गमछा गळ्यात, तोंड पाडून एका कडेला उभा. तर त्यांचे एक म्हातारे मधुबाबू, सेक्रेटरी आहेत तिथले, ते लगबगीनं आले, स्वतःची खुर्ची दिली, कुल्हडातून चहा दिला, आणि जाताना काय म्हणाले माहिती आहे? "दादा, परत या हं." परत या! एकेचाळीस वर्षांत फुटबॉलच्या मैदानावर मला कुणी परत या म्हणालं नव्हतं हो. शुक्रवारी परत गेलो. पुढच्या मंगळवारी लिंबं चिरून नेली. त्यांचा तो डाव्या पायाचा किडकिडीत सेंटर फॉरवर्ड, चेंडू असा पायाला चिकटवून पळतो, की माझ्या तोंडून आपोआप 'शाबास' निघालं. निघालं आणि मी जीभ चावली... पण निघालं ते निघालं.

बुधवारी तो न्हाणीघरात घसरला. पायाला प्लॅस्टर. शनिवारी त्यांच्या गोलकीपरला गालगुंड झालं. मी बेलफळ घेऊन भेटायला गेलो, त्याचा फुगलेला चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, इतकं मनापासून वाईट वाटलं, की मी जिन्यातच थांबलो. म्हटलं, पांचूगोपाल, झालं तुझं काम. मन गेलं तिकडे. बटुकला बातमी लागली तर त्यानं निरोप पाठवला, 'पांचूदा, अप्रतिम, असंच चालू द्या!' क्लबानं माझं कौतुक केलं ते हे पहिलं.

आणि काल मधुबाबूंनी त्यांचं वेळापत्रक माझ्या हातात दिलं. मी घरी येऊन पंचांग लावून बघितलं. काय सांगू! एकेक तारीख सोन्यासारखी. त्रयोदशी, एकादशी, अमृतयोग, ग्राउंडं कोरडी, पहिले आठही सामने आमच्या सामन्यांच्या दिवशी नाहीत, म्हणजे मी मोकळा. मधुबाबू म्हणाले, दादा, नऊच्या नऊ सामन्यांना पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवतोय, नाही म्हणू नका, तुम्ही आलात की पोरांना बरं वाटतं. मी हो म्हणालो. काय करणार, इतक्या प्रेमानं कोण बोलावतं? बिचारी चांगली माणसं आहेत हो, तारखाही चांगल्या आहेत, सगळं चांगलं आहे... पण नऊच्या नऊ सामन्यांना मी असणार. तुम्हाला सांगतो, लक्षण काही बरं नाही.