लाल टॉवेल

—नाही गो, दारात काय उभी राहतेस, आत ये. गंधाली ना तू? खालच्या मजल्यावर नवीन आलीस ती? आवाजाचंच सांगायला आलीस, कळलं मला, तोंडावरच झोप दिसतेय — नाइट शिफ्ट? म्हणजे वाटच लागली तुझी. पण थोडं थांब, इथे बाल्कनीतच बस, मला आत्ता इथून हलता येत नाही. का? अगं, ते खाली मोटरसायकलपुढे उकिडवे बसलेत ना, ते आमचे हे, दत्ताराम. दर रविवारी कार्ब्युरेटर लावतात. जुनी गाडी, दोन सिलिंडरची, त्यामुळे कार्ब्युरेटर दोन, सायलेन्सर दोन — दोन्ही बाजू सारख्या लागल्या नाहीत की हे असं, ऐक — एक बोलते नि दुसरी खोकते. मग इकडचा स्क्रू जरा पिळायचा, तिकडचा जरा सोडायचा, मागे जाऊन दोन्ही सायलेन्सरपुढे हात धरून बघायचा, धूर सारख्या जोराने येतोय का. हाताला अर्धं कळतं. उरलेलं कानाने लावावं लागतं, आणि तिथेच तर घोळ आहे ना.

कान गेलेत त्यांचे. तरुणपणी गिरणीत होते, मागांच्या खडखडाटात — थोडे तेव्हाच गेले असणार, उरलेले आता चाललेत. पण कबूल करतील? छे! कानाचं मशीन आणलं, झकास होतं, ते कपाटात कापसात गुंडाळून ठेवलंय. म्हणतात, मला नीट ऐकू येतं, तूच हळू बोलतेस. मी! विचार सोसायटीत कुणालाही, मी हळू बोलते का. पूर्वी आवाज जुळला की मी इथून ओरडायची, झाली, झाली — तर काय तो राग! मग ओरडणं बंद. जुळला आवाज की हा लाल टॉवेल कठड्यावर टाकायचा, बस. ते वर बघतात, म्हणजे कावळे बघितल्यासारखं करतात, आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात. या विषयावर आमचं आजवर एक अक्षर बोलणं नाही. हसतेस काय, लग्न झालं की कळेल तुला.

गेल्या रविवारी मात्र बिंग फुटलं. नितेश, माझा मुलगा, राहायला आला होता. त्याने आंघोळ केली आणि नेमका हाच टॉवेल वाळत टाकला. खाली गाडी खोकतेय, मी आत बांगडे तळतेय, आणि ह्यांनी टॉवेल बघून पाने-स्क्रूड्रायव्हर आवरले, हात धुतले, म्हणाले, चल मनोरीला! गाडी लागली की दर रविवारी तिथेच जातो आम्ही, मार्वेच्या जेटीवरून गाडीसकट बोटीने. मी मागे बसले, गाडीचा खोकला ऐकला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, पण बोलणार कसं? मार्वेच्या रस्त्यावर बंद पडली ना. ढकलायला नितेशला बोलावलं, आणि तो आल्या आल्या मी मूर्खासारखी त्याच्यावरच खेकसले — मेल्या, टॉवेल कशाला टाकलास! झालं, कळलं त्याला सगळं. मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, बाबांना हॉर्न ऐकू येत नाही, उद्या काही झालं तर? टॉवेल टाकूच नकोस यापुढे. बाबाच म्हणतात ना, ज्या दिवशी माझ्या हाताने लागणार नाही त्या दिवशी गाडी केतनला देऊन टाकीन — केतन म्हणजे नितेशचा मित्र, जुन्या गाड्या जमवतो. आणि मी हो म्हटलं. गळ्याची शपथच घातली त्याने मला. चुकलं का त्याचं? नाही गो, काळजीच आहे ती.

पण त्याला एक माहीत नाही. मागे मी असते ना! मागून हॉर्न आला की मी ह्यांच्या पाठीवर थाप मारते, डावीकडून कोणी घुसलं की डाव्या खांद्यावर, उजवीकडून आलं की उजव्या. घरात सतरा हाका मारल्या तरी ह्यांची मान वळत नाही, टीव्ही ठणाणा, माझं बोलणं भिंतीलाच — आणि गाडीवर नुसतं बोट टेकवलं की लगेच कळतं. सगळं कळतं. आठवड्यातून तेवढंच तर बोलतो आम्ही. गाडी गेली तर मी बोलू कोणाशी? तूच सांग — अरे, श्श्! ऐक. खोकला थांबला बघ. दोन्ही बाजू एक झाल्या — गुरगुरतेय कशी, एका सुरात! लागली. त्यांच्याच हाताने लागली आणि त्यांनाच पत्ता नाही. वर बघतायत... कावळा एक नाही आज आभाळात, तरी बघतायत. तोंड बघ कसं झालंय. परत स्क्रूला हात घालतायत — अहो, नको, बिघडेल —

दे. दे तो टॉवेल इकडे. नितेशला काय सांगायचं ते मी बघेन, माझाच मुलगा आहे तो. हां... ठेवला बघ स्क्रूड्रायव्हर! आता चल, ऊठ, मला कपडे बदलायचेत, जेटीवर बोटीला गर्दी होते. तुझं आवाजाचं काय ते पुढच्या रविवारी सांग.