सासूबाईंनी स्कोअर सांगितला नाही

अगं, माझ्यामुळे सासूबाईंनाही अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉलचं वेड लागलंय! परवाची प्लेऑफ मॅच मस्कतच्या वेळेनं सकाळी, नेमकी माझ्या ऑफिसच्या वेळेला. मी संध्याकाळी रेकॉर्डिंग बघणार होते, त्या लाइव्ह. निघताना बजावलं, "आई, निकाल सांगायचा नाही हं!"

"देवाशप्पथ नाही सांगणार."

अल् खुवैरच्या ऑफिसातून घरी येऊन टीव्हीसमोर बसले, तर त्यांनी हातात शिऱ्याची बशी ठेवली. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमची टीम इतकी मागे पडली की मी बशी बाजूला सारली.

"खलास! हरलो आपण. मला नको शिरा."

सासूबाई वैतागल्या.

"अगं, हरल्यावर कुणी साजूक तुपातला शिरा करतं का?"