सात कंदिलांना दहापैकी चार

थांबा, ते वाक्य परत वाचा. — 'काळाच्या आधी जन्मलेला खेळ.' असं लिहिते ती? हागिवारा मिसाओ? आणि त्याच्या खाली काय — 'तेव्हा आपण सगळेच त्याला समजून घ्यायला कमी पडलो.' आपण सगळे! म्हणजे मी पण. म्हणजे तुम्ही सुद्धा, तुम्ही तेव्हा चड्डीत शाळेत जात असाल, पण तुम्ही पण कमी पडलात, बरं का. — नाही हो, रागावले नाहीये. आवाजच असा आहे माझा. बसा, त्या स्टुलावर बसा, वरचे डबे खाली ठेवा, जुनेच आहेत, काही होत नाही त्यांना. सकाळचं हिमेजीच्या या बाजारात कुणी फिरकत नाही. तुम्ही ओसाकाहून एवढे आलात, लेख लिहिताय 'सात कंदील'वर, तो पुन्हा निघतोय नव्या यंत्रासाठी — माहीत आहे मला. मला कुणी कळवलं नाही, माल पोचवणाऱ्या पोराकडून कळलं. म्हणाला, बाई, तुमच्या काचेच्या कपाटात तो जो खोका आहे ना, त्याला आता भाव येणार. मी म्हणलं, तो विकायचा नाहीये. तो हसला. जुन्या गेमच्या दुकानात न विकायचा खोका — हसणारच.

खेळ काय होता ते तुम्हाला सांगायला नको, खेळलाय ना तुम्ही? किती तास? — अकरा. मग तिसरा कंदील अजून पेटलेला नाही तुमचा. बघा, सगळ्यांचं तिथंच अडतं. तळहातावर मावेल एवढं दोन पडद्यांचं यंत्र, आणि आमच्या दिग्दर्शकांनी, तोकुनागा-साननी, त्यात अख्खं अंधारातलं राज्य बसवलं. खालच्या पडद्यावर काडीने कंदिलाची वाट ओढायची, उजेड पडेल तिथंच तुमचे शिपाई हलणार, आणि जो तीन डाव अंधारात राहिला तो आपण कुणाच्या बाजूचे हेच विसरणार — विसरणार आणि तुमच्यावरच तलवार काढणार. सात कंदील, सातांचे सात कायदे. तोकुनागा-सान हे सगळं सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूला काढायचे. पुढे मुळे आणि कोळंबीचे भाव, मागे राज्य. कोबेला बंदराजवळ एका छत्र्यांच्या गोदामावर आमची कचेरी, आम्ही अकरा जण, आणि मी शिकवणी लिहायचे — खेळणाऱ्याला खेळ समजावून सांगणारा तो पहिला भाग, तो सगळा माझा. बासष्ट पडदे झाला. बासष्ट! मी म्हणलं, तोकुनागा-सान, निम्मा कापू या, लोक पळून जातील. ते डोळे मिटून ऐकायचे दुसऱ्याचं, तसेच बसले, आणि म्हणाले, "मिनेगिशी-सान, तुम्ही समजावताय ना? मग समजेल." तीन वर्षं असं गेलं. तीन वर्षं त्या माणसाने माझ्यावर एकदा सुद्धा आवाज चढवला नाही, आणि एकदा सुद्धा माझं ऐकलं नाही.

मिसाओ? मिसाओ माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एका खोलीत राहिलो आम्ही चार वर्षं, एकमेकींचे कोट घालून परीक्षांना गेलो. ती तोक्योला गेली, साप्ताहिकात लागली, तिथे प्रत्येक नव्या गेमला तीन जण गुण देतात, त्या तिघांतली एक झाली. आता तुम्ही म्हणाल, मैत्रिणीने मैत्रिणीच्या खेळाला गुण द्यावेत का? — हो, तेच मी पण म्हणलं तिला. म्हणलं, तू हा घेऊ नकोस, दुसऱ्या कुणाला दे. तर ती म्हणाली, "बावळट आहेस का? दुसरा कुणी घेईल तो दोन तास खेळेल आणि पाच देईल. मी शेवटपर्यंत खेळेन. तू मला शिकव." आणि आली ती. तीन रविवार तोक्योहून आली माझ्याकडे, नोव्हेंबरात, दुपारी कोतात्सुच्या उबदार मेजाखाली रजईत पाय घालून आम्ही दोघी, मध्ये संत्र्यांची टोपली, आणि मी तिला एकेक कंदील शिकवला. दुसऱ्या रविवारी तो म्हातारा सरदार, बोर्गान — अजून आला नसेल तुमच्याकडे, मग पुढचं सांगत नाही — तर ती रडली. डोळे पुसत म्हणाली, "तोमोए, मला माझं काम का आवडतं ते विसरले होते गं मी." असं म्हणाली! मी त्या रात्री झोपले तशी नंतर कधी झोपले नाही.

आणि मग तो गुरुवार. साप्ताहिक गुरुवारी यायचं, मी सातलाच कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरवर पोराने अजून गठ्ठा सोडला पण नव्हता. पहिला परीक्षक — ओइकावा, वयस्कर माणूस, आता नाहीये — त्याने नऊ दिले. त्याने लिहिलं होतं, पहिले पाच तास चिडलो, सहाव्या तासाला गाडीत बसून खेळत होतो ते माझं स्टेशन मागे गेलं आणि मला कळलंच नाही. दुसऱ्याने सात. लढाया अफाट, समजावणं लांबलचक. ठीक आहे की! खरंच आहे! नऊ आणि सात, आणि मी तिथं उभी हसतेय, कारण तिसरी मिसाओ, तीच तर सगळ्यात जास्त देणार. — चार. मला वाटलं छपाईची चूक. नऊ, सात, चार. 'शिकवणीतच दम निघतो' — हे लिहिलं होतं, हे मी सोसलं असतं, माझंच काम ते, घाला शिव्या. पण शेवटचं वाक्य. तुम्हाला पाठ असेल ते, सगळ्या इंटरनेटला पाठ आहे. हो, तेच. — 'खेळ करणाऱ्यांपैकीच एकाने मला सांगितलं : हा लोकांसाठी नाहीच, दिग्दर्शक एकटाच स्वतःशी खेळतोय आणि बाकीचे त्याला सोबत करतायत.'

झालं. दुकानदार दुसरं काही वाचतच नाहीत हो. नऊ कुणी वाचले नाहीत, सात कुणी वाचले नाहीत. करणारेच म्हणतात लोकांसाठी नाही, मग आम्ही कशाला मांडू? जानेवारीत आमचा खेळ दुकानांच्या दारातल्या सवलतीच्या टोपलीत होता, मोज्यांसारखा. ते चांगलं चांगलं लिहिणारे नंतर आले — नीगाताच्या त्या मास्तरांनी हाताने लिहून दोनशे पानांचं मार्गदर्शक केलं, परदेशात कुणी म्हणालं की खेळ नव्हे हा, भाषा आहे, एकदा बोलता आली की सोडवत नाही — सगळं नंतर. आमची कचेरी एप्रिलमध्ये बंद झाली. छत्र्यांवाल्याने जागा परत घेतली.

कोण ते? — वाक्य कुणाचं? ते मला कसं माहीत असणार? तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, नेझु. नेझु आमचा प्रोग्रॅमर, चोवीस वर्षांचा, उंच, कायम सर्दी झालेला. त्याने आठवडाभरच आधी सगळ्यांसमोर तोकुनागा-सानना म्हणलं होतं, हे कंदील विझवणाऱ्या वाऱ्याचं गणित कुणाच्या डोक्यात शिरणार आहे हो? म्हणून तो. त्या गुरुवारी तोकुनागा-साननी ते पान उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "असं वाटत होतं, तर मलाच सांगायचं होतं ना." बस्स. आणि अख्खी कचेरी नेझुकडे बघायला लागली. नेझु लालबुंद. "मी नाही. मला जे बोलायचं ते मी तोंडावर बोललो होतो." तोकुनागा-सान म्हणाले, "हो." एवढंच. पण त्या दिवसापासून ते नेझुशी बोलेनात, काम असेल तर चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर ठेवायचे. दोन टेबलं सोडून बसलेल्या माणसाला चिठ्ठी! तो बारा दिवस टिकला. शेवटच्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाला, "मिनेगिशी-सान, तुमचा तरी विश्वास आहे ना की मी नाही बोललो?" मी म्हणलं, "आहे रे. आहे." त्याने मला वाकून नमस्कार केला. इतका वाकला, जिन्यात, मला वाटलं पडतोय आता. शिकोकूला वडिलांचं उदोनचं दुकान आहे त्याच्या, तिकडे गेला. परत या धंद्यात आला नाही. त्याच्यासारखा हात असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो सतरा वर्षं शेवया कापतोय.

मिसाओला भेटले की नंतर! मी सोडते काय तिला? मोतोमाचीला, रेल्वेच्या पुलाखालच्या त्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. आली, कोट काढला, शांतपणे कॉफी मागवली. मी म्हणलं, तू रडली होतीस. ती म्हणाली, "हो, रडले. पण मी रडले कारण तू शेजारी होतीस. घरी नेऊन एकटीने खेळले आणि मला काही कळेना, तोमोए. जो हा विकत घेईल त्याच्या शेजारी कोण बसणार आहे?" मी म्हणलं, मग तेवढंच लिहायचंस! दुसऱ्याचं बोललेलं कशाला छापलंस? तर कपात चमचा फिरवत म्हणते कशी, "कारण ते खरं होतं. आणि तुझं नाव कुठे टाकलंय मी? कुणाला कधी कळणार पण ना—"

काय?

— काय म्हणाले मी? नाही, तसं नाही. म्हणजे ती बोलली ते तसं बोलली, त्याचा अर्थ —

असे बघू नका माझ्याकडे.

तिसरा रविवार होता. बरं? तिसरा रविवार, मी महिनाभर घरी फक्त आंघोळीला येत होते, त्या दिवशी सकाळी तोकुनागा-साननी फोन करून शिकवणीत आणखी तीन पडदे घालायला सांगितले होते. मी संत्रं सोलत होते. ती म्हणाली, दमलीस गं. आणि मी बोलून गेले. मैत्रिणीला बोलले! परीक्षकाला नाही, माझ्या घरात, माझ्या रजईत पाय घालून बसलेल्या बाईला बोलले. "खरं सांगू, मिसाओ? हा लोकांसाठी नाहीच. ते एकटेच स्वतःशी खेळतायत, आम्ही सोबत करतोय." आणि लगेच म्हणलं, जाऊ दे, तसं नाही, पाचवा कंदील बघ तू. ते नाही छापलं तिने! 'तसं नाही' नाही छापलं! माणूस दमून जे बोलतो ते खरं, आणि तीन वर्षं राबतो ते खोटं? नवऱ्याने दगा दिला असता तर निदान रडायला मैत्रीण असती. ही मैत्रीणच. कुणाकडे जाणार होते मी सांगायला?

हो. कळतंय मला तुम्ही काय विचारताय ते. नेझुबद्दल मी का नाही बोलले. — रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज. आधी म्हणलं, विक्री सुधारू दे. मग म्हणलं, तो स्वतःच दुसरीकडे लागेल, हुशार आहे. मग कचेरीच बंद झाली, आता सांगून काय होणार. सतरा वर्षं माझ्याकडे दर वेळी एक कारण होतं आणि दर वेळी ते चांगलं होतं. तोकुनागा-सान तोत्तोरीला असतात, भावाची नाशपातीची बाग सांभाळतात. दर सप्टेंबरात मला एक खोका पाठवतात, प्रत्येक फळ कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी — चिठ्ठी मला पण लिहितात ते, पण मला प्रेमाने लिहितात. 'शेवटपर्यंत माझ्या बाजूने उभ्या राहिलेल्या मिनेगिशी-सानना.' मी एक फळ खाल्लेलं नाही आजवर. सगळा खोका या बाजारात वाटते. समोरची चहावाली म्हणते, तुमचे नातेवाईक किती चांगले हो.

आणि आता मिसाओ लिहिते, काळाच्या आधी जन्मला. तेव्हा चार देऊन नाव मिळवलं, आता चुकले म्हणून नाव मिळवतेय, लोक म्हणतायत, बघा किती मोठं मन. नेझुचं एक अक्षर आहे का त्यात? तुम्हीच वाचलंत ना मला सगळं? नाही ना? तिला ठाऊक होतं हो तो गेला ते. मीच सांगितलं होतं. त्याच पुलाखाली.

छापू का म्हणून काय विचारता? छापा. माझं नाव घाला, मिनेगिशी तोमोए, पूर्ण घाला. नेझु नव्हता, हे पहिल्या ओळीत घाला. — पण आज नका पाठवू. परवा. त्या दोघांना हे छापून आलेलं वाचायला लावायचं, ते मिसाओचं काम झालं, माझं नाही. किती वाजले? बारा? तोकुनागा-सान सव्वाबाराला बागेतून जेवायला घरात येतात. नेझुचं दुकान तीनला रिकामं होतं, त्याला तेव्हा फोन करीन. उठा. — नाही, पाणी नको, मी बरी आहे. ते पलीकडून "हं, मिनेगिशी-सान" म्हणतील, आणि तेव्हा मला इथं कुणी नकोय. बाहेर दाराशी थांबून सुद्धा नको. जाताना शटर अर्ध्यावर ओढा, आणि जा.